‘मिनिमलिस्ट’ यॉटवर रिकाम्या खोलीचे एवढे पैसे का घेतात? आई-वडिलांना नेण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागात आयुष्यभर टॉवेलचे यंत्रमाग चालवले, आई-वडिलांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, आणि त्यांना तीन-चार रात्री यॉटवर न्यायचं तुमच्या मनात आहे. जाहिरातीत ‘मिनिमलिस्ट डिझाइन’ (म्हणजे कमीत कमी वस्तूंची, मोकळी मांडणी) आणि ‘वेलनेस’ (म्हणजे तन-मनाला आराम) हे दोन शब्द सारखे येतात, फोटोत मात्र पांढऱ्या भिंती आणि एक पलंग. मग पैसे कशाचे, हा तुमचा प्रश्न.

मी सोलापुरातच इंटिरिअरची कामं करतो. त्याआधी गोव्यात एका बोटयार्डात केबिनच्या सुतारकामावर होतो. तिथं जे हाताखालून गेलं त्यावरून सांगतो: बोटीवर रिकामी दिसणारी खोली करणं हे भरगच्च खोली करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. पण त्या रिकामेपणामागे खरं काम झालंय का, की नुसता पांढरा रंग फासलाय, हे फोटोवरून कळत नाही. ते विचारून काढावं लागतं.

घराची भिंत सरळ असते. बोटीची बाजू फुगीर असते, पुढे निमुळती होत जाते, काटकोन शोधून सापडत नाही. तिच्यामागून पाण्याचे पाइप, वायरी, एसीच्या नळ्या जातात. शिवाय बोट लाटेवर किंचित पिळते. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या तर रात्रभर कुरकुरतात. म्हणून मध्ये काही मिलिमीटरची फट सोडतात. फोटोत ती नुसती काळी रेघ दिसते, पण पुष्कळदा एसीची हवा त्याच रेघेतून येते, तोंडावर झोत न मारता. संगमरवर दिसतो तो खरा असतो, पण पापुद्र्याएवढा, ॲल्युमिनियमच्या पोकळ जाळीवर चिकटवलेला. अख्खी लादी बसवली तर वजन वाढतं, वजनाबरोबर डिझेल वाढतं.

ही धाटणी मुख्यत्वे इटलीच्या लुका बसानी यांनी रूढ केली. १९९४ मध्ये त्यांनी ‘वॉली’ ही यॉट बनवणारी कंपनी काढली. शिडाच्या बोटीच्या डेकवर दोरांचा जो पसारा असतो, तो त्यांनी डेकखाली नेला आणि शिडं बटणावर आणली. डेक मोकळा झाला, कमी माणसांत बोट हाकता येऊ लागली. म्हणजे तो मोकळेपणा कामातून आला होता. ‘ॲपल’च्या स्टीव्ह जॉब्स यांनी फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्क यांच्याकडून ‘व्हीनस’ ही यॉट डिझाइन करून घेतली, ती नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये पाण्यात उतरली, जॉब्स गेल्यानंतर. इटलीचे डिझायनर पिएरो लिसोनी यांनी सानलोरेन्झो या यॉट कंपनीच्या एसएक्स८८ या बोटीत मुख्य मजला एका सलग दालनासारखा उघडा ठेवला. त्यासाठी सुकाणूच वरच्या मजल्यावर हलवलं. या बोटी मला मनापासून आवडतात, कारण त्यांत एकेक गोष्ट विचार करून काढलेली आहे. भाड्याच्या सगळ्याच बोटींबद्दल असं म्हणता येणार नाही.

आता वेलनेस. जाहिरातीत सॉना, मसाज, योगाची चटई असते. माझ्या मते तुमच्या आई-वडिलांसाठी यातलं काहीच महत्त्वाचं नाही. महत्त्वाची आहे झोप, आणि बोटीवर झोप दोन गोष्टींवर ठरते: आवाज आणि डोलणं.

आवाजाचं तुमच्या वडिलांना समजावून सांगावं लागणार नाही. मागांच्या शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असतो. वीज जाते, सगळे माग एकदम थांबतात, आणि अंग किती आवळलेलं होतं ते तेव्हा कळतं. बोटीत इंजिन आणि जनरेटर तुमच्या उशापासून काही पावलांवर असतात. जागतिक आरोग्य संघटना शांत झोपेसाठी खोलीत ३० डेसिबल सुचवते. २०१४ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या जहाजांवर खलाशांच्या केबिनमध्ये ५५ ते ६० डेसिबलपर्यंत आवाज चालतो. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, त्यावरून हा फरक केवढा आहे ते बघा. चांगली यॉट ही दरी जमेल तितकी बुजवायचा प्रयत्न करते: इंजिन रबराच्या बैठकीवर, केबिनची जमीन मूळ सांगाड्यापासून सुटी, भिंतीत थरावर थर. डीएनव्हीसारख्या, जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्था आवाज आणि कंपन मोजून त्यासाठी वेगळा दर्जाही देतात. तुम्ही देताय ते पैसे बरेचसे इथे जातात. यातलं काहीही फोटोत येत नाही.

म्हणून बुकिंग करणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: रात्री नांगर टाकल्यावर जनरेटर चालू असतो का? काही बोटी रात्रभर बॅटरीवर एसी चालवू शकतात, बहुतेक चालवू शकत नाहीत. उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर दुसरी बोट बघा. याच्याशीच जोडलेली, टॉवेलवाल्यांना पटकन पटेल अशी एक गोष्ट: यॉटवर गोडं पाणी बहुधा समुद्राचंच यंत्राने गाळून करतात. जाहिरातीत रचलेले ते जाडजूड टॉवेल धुवायला पाणी जास्त लागतं, वाळवायला वीज जास्त, आणि ती वीज त्याच जनरेटरची. मी बोट चालवत असतो तर पातळ, पटकन वाळणारा सोलापुरी टॉवेल ठेवला असता.

डोलण्याचं असं. कान सांगतो की आपण हलतोय, बंद केबिनमध्ये डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे, या भांडणात बोट लागते. मोठ्या खिडकीतून क्षितिज दिसलं की भांडण बरंचसं मिटतं. म्हणून नव्या बोटींतल्या त्या रुंद काचा मला नुसती चैन वाटत नाहीत. केबिन मात्र बोटीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची मागा. तिथं हालचाल सर्वांत कमी. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची केबिन फोटोत ऐसपैस दिसते, पण लाटेबरोबर तीच सगळ्यात जास्त वरखाली होते, आणि नांगरावर असताना पाण्याच्या थपडा रात्रभर ऐकू येतात. स्टॅबिलायझर, म्हणजे डोलणं कमी करणारी यंत्रणा आहे का, आणि तो बोट थांबलेली असतानाही चालतो का, हेही विचारा. जुन्या पद्धतीचे बाजूचे पंख बोट चालत असतानाच उपयोगी पडतात. जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या जड चाकाचा स्टॅबिलायझर, थांबलेल्या बोटीवरही चालतो, पण त्याला वीज लागते, म्हणजे पुन्हा जनरेटर.

आणि इथेच मिनिमलिस्ट यॉटवर माझा एक आक्षेप आहे. समुद्रावर धरायला दांडा लागतो, टेबलाच्या कडेला बोटभर उंच पट्टी लागते, गोल कोपरे लागतात. नुसतं दिसण्यासाठी हे सगळं काढून टाकलं तर सत्तरीतल्या माणसाला ती खोली धोक्याची आहे. जाणकार डिझायनर भिंतीतच खोबण ठेवतो: नजरेला टोचत नाही, हाताला सापडते. बाथरूमचे, जिन्याचे आणि छोट्या होडीतून यॉटवर चढायच्या जागेचे फोटो मुद्दाम मागून घ्या. पलंगाचा फोटो सगळेच पाठवतात.

कुठे जायचं? मालदीवला जायचं तर डिसेंबर ते एप्रिल, तेव्हा समुद्र शांत असतो आणि पाऊस कमी. गोव्याला पावसाळा सोडून. आईला घाटात गाडी लागत असेल तर समुद्राचा हट्ट सोडा आणि केरळच्या बॅकवॉटरमध्ये हाऊसबोट घ्या. लाटा नाहीत. तिथंही जनरेटरचा प्रश्न विचाराच. खर्च पुष्कळ कमी होईल, आणि तुम्हाला त्यांच्यासाठी जी शांतता हवी आहे ती कदाचित तिथं जास्त मिळेल.

पैसे भरण्याआधी हिवाळ्यात एकदा दोघांना भिगवणला घेऊन जा. उजनी धरणाच्या पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला कोळ्यांच्या होड्या मिळतात. समुद्राची परीक्षा तिथं होणार नाही, पण हलत्या होडीत पाय टाकताना वडिलांचा गुडघा किती साथ देतो ते नक्की कळेल. बोट लागू नये म्हणूनच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणू नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यांतल्या काही चालत नाहीत. निघायच्या आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून घ्या.