लाल खुणांना घाबरू नकोस, आधी वेळ लिही

अरे, पीसी अचानक बंद पडतो म्हणून तू इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडलास खरा, पण त्यात लाल खुणा (चुकांच्या नोंदी) धडधाकट मशीनवरही असतात. पीसी नेमका किती वाजता बंद पडला ते आधी कागदावर लिही. मग ‘सिस्टीम’ लॉगमध्ये त्याच्या आधीची पाच मिनिटं आणि पुढच्या बूटच्या नोंदी वाच. नोंदीचा क्रमांक (इव्हेंट आयडी) आणि स्रोत बघ:

- ४१, कर्नल-पॉवर: मशीन नीट शटडाउन झालं नाही, एवढंच. कारण ते सांगत नाही आणि नोंद पुढच्या बूटला पडते. माझ्याकडे कोथरूडला वळवाच्या पावसात वीज गेली की हीच दिसते. लगेच एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायला धावू नकोस.
- ७, डिस्क: डिस्कचा एक भाग (ब्लॉक) खराब. आधी बॅकअप!
- १००१६: सोडून दे.

लॉग ‘क्लिअर’ मात्र करू नकोस, पुरावाच जातो. जमेल तुला. अडलास तर स्क्रीनशॉट पाठव.