शब्दशंका : अजागळ

प्रश्न : हातून काही सांडले की आमच्या घरी लगेच ‘अजागळ’ ऐकायला मिळते. वेंधळा, धांदरट, गलथान म्हणजेही तेच का? ‘अजागळ’मधला ‘अ’ नकाराचा आहे का? आणि मुलीला ‘अजागळी’ म्हणायचे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा ‘अ’ नकाराचा नाही. शब्दाची फोड अजा + गळ अशी आहे. अजा म्हणजे शेळी. काही शेळ्यांच्या गळ्याखाली दोन केसाळ, मांसल गोंडे लोंबतात. दिसायला ते आचळांसारखे, पण आत दुधाची ग्रंथीच नाही, म्हणून कितीही पिळले तरी दूध निघायचे नाही. संस्कृतात यावरून ‘अजागलस्तन’ हा निरुपयोगीपणाचा दृष्टान्त रूढ झाला. धर्म, अर्थ, काम, मोक्ष यांपैकी एकही ज्याने साधला नाही, त्याचा जन्म ‘अजागलस्तनस्येव’ निरर्थक, असे सुभाषित आहे. मराठीत आला तेव्हा फलाचे फळ झाले तसा ‘गल’चा ‘गळ’ झाला आणि ‘स्तन’ गळून पडला. अर्थही सरकला. आधी ‘काही उपयोगाचा नाही’, मग ‘एकही काम धड न जमणारा’ आणि त्याच्या जोडीला ‘गबाळा’.

बाकीच्या शब्दांतला फरक चहाच्या ट्रेवरून चटकन कळेल. घाईघाईत सांडला तर धांदरट. लक्ष भलतीकडे होते म्हणून सांडला तर वेंधळा. दाणकन आपटला तर धसमुसळा. मुळात ट्रे धरायचा कसा हेच उमगत नाही, त्यात शर्टाचे एक टोक खोचलेले आणि एक बाहेर, तो अजागळ. म्हणजे एकदा सांडल्याने कोणी अजागळ ठरत नाही; तुमच्या घरी बहुतेक वेळा ‘वेंधळा’च शोभेल. गलथान मात्र माणसापेक्षा कारभाराला अधिक लागतो. पाहुणे दहा, कप सहा आणि चहा कोणी टाकायचा हेच ठरलेले नाही, तर तो गलथान कारभार.

बोचण्यातही फरक आहे. ‘वेंधळा’ मायेनेही म्हणता येतो, पण ‘अजागळ’ एका चुकीवर न थांबता अख्ख्या माणसावर शिक्का मारतो. लहान मुलांना तो म्हणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘अजागळी’ हे रूप नको. वेंधळा-वेंधळी-वेंधळे असे बदलते, ‘अजागळ’ बदलत नाही : अजागळ मुलगा, अजागळ मुलगी, अजागळ पोरे. नाम म्हणून वापरला तर विभक्ती लागते : ‘त्या अजागळाला सांगून काय उपयोग?’ भाववाचक रूप अजागळपणा. ‘वेंधळा’ला ‘पणा’ लागताना मात्र ‘वेंधळेपणा’ होते. आणि पहिला ‘अ’ ऱ्हस्वच लिहावा, ‘आजागळ’ नव्हे.