नाट्यगृहातील दिशादर्शक फलक: जागा आणि अक्षरे

कर्नाटकातील निपाणीकडील एका नाट्यगृहाचे नूतनीकरण संपत आले असून आतील दिशादर्शक फलक कसे करावेत, असे आपण विचारले आहे. माझा आग्रह एकच आहे: फलकांच्या जागा नकाशावर ठरवू नयेत, चालून ठरवाव्यात. तिकीट हातात घेऊन फाटकापासून खुर्चीपर्यंत जावे आणि जिथे पाऊल थबकते तिथेच फलक लावावा. मग मध्यंतर झाले असे समजून उलट चालावे, कारण बहुतेक चुका या परतीच्या वाटेवर असतात. आमच्या भागातील एका सभागृहात ‘शौचालय’ हा फलक आत येणाऱ्यांनाच दिसत असे. बाहेर पडणाऱ्या गर्दीसमोर त्याची कोरी पाठ येई आणि वयस्कर मंडळी दाराशीच विचारत उभी राहत. असे फलक भिंतीला काटकोनात आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेले हवेत.

कर्नाटकात भाषा कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यापारी आस्थापनांच्या नामफलकांवर किमान ६० टक्के कन्नड आवश्यक आहे. आतील फलकांवरही कन्नड वर आणि मराठी खाली ठेवावी, असे मला वाटते. मात्र इथे एक अडचण हमखास येते. ‘प्रवेश’ कन्नडमध्ये लिहिताना ‘प्र’मधील रकार ओळीखाली उतरतो, तर खालच्या मराठी ओळीतील ‘वे’ची मात्रा शिरोरेषेवर चढते, आणि दोन्ही एकमेकांना भिडून दुरून नुसता काळा डाग दिसतो. म्हणून दोन ओळींत अक्षराच्या निम्म्या उंचीइतके तरी अंतर सोडावे. प्रवेश, शौचालय यांसारखे दोन्ही भाषांत चालणारे शब्द निवडल्यास दारावरच्या स्वयंसेवकालाही एकच शब्द पुरतो. तिकिटावर ‘बाल्कनी’ छापले असेल, तर जिन्याशीही ‘बाल्कनी’च लिहावे, ‘सज्जा’ नव्हे. आसनक्रमांक तिकिटावर असतात त्याच अंकांत ठेवावेत.

बाहेर पडण्याच्या दारावरील हिरव्या दिव्याबाबत तडजोड करू नये. नाटकातील अंधाराच्या प्रसंगात त्याचा उजेड नडतो म्हणून नाट्यसंस्था त्यावर काळा कागद चिकटवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. दिवा झाकण्याऐवजी त्याची पट्टी रंगमंचावर उजेड पडणार नाही अशा कोनात बसवून घ्यावी, आणि हे काम छताचे प्लायवूड बंद होण्यापूर्वीच करून घ्यावे, कारण वायर नंतर हलवता येत नाही.