इम्युनोडेफिशियन्सी: उणीव म्हणायचं की झीज?

प्रश्न असाय की भाच्याच्या रिपोर्टवर 'प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी' आलंय, घरात 'रोगप्रतिकारशक्ती कमी आहे' असं सांगितलं की निम्मी माणसं एचआयव्ही समजून गप्प होतात आणि उरलेली 'खाऊ घाला, येईल ताकद' म्हणतात, तर मराठीत नेमकं म्हणायचं काय.

खरं सांगू का, निम्मा घोळ त्या 'शक्ती'नं घातलाय. शक्ती म्हटलं की आपल्या कोल्हापुरात डोळ्यापुढं तालीम येते, जोर-बैठका आणि खुराक. आमच्या गल्लीतल्या एक आजी नातवाला रोज संध्याकाळी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर न्यायच्या. "डॉक्टर म्हणालाय पावर कमी हाय, म्हणून धारोष्ण पाजतोय." पोराला होती खरोखरची इम्युनोडेफिशियन्सी, आणि अशा पेशंटला न तापवलेलं दूध म्हणजे जंतूंना आवतणच की. उलट दंडाला बेटकुळ्या असलेल्या पैलवानाच्या रक्तातही सीडी-फोर पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, घसरलेल्या असू शकतात.

मूळ शब्दात शक्ती नाहीच मुळी. लॅटिन 'इम्युनिस' म्हणजे सरकारी चाकरी नि करातून माफी असलेला, आपल्याकडं सारामाफीचे इनामदार असायचे ना, तसाच काहीसा. पण 'प्रतिकारशक्ती' आता इतकी रुळलीय की ती काढा म्हणण्यात अर्थ नाही, त्यामुळं डेफिशियन्सीकडंच वळू.

एड्समधला 'ए' म्हणजे अक्वायर्ड, बाहेरून आलेली डेफिशियन्सी. हे नाव १९८२ सालचं, विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला १९८३ साली, आणि त्याला एचआयव्ही म्हणायचं ठरलं १९८६ साली, म्हणजे बारसं आधी आणि बाळ मागनं. पुस्तकात अक्वायर्डला 'उपार्जित' छापतात, ते वाचून मला तर कुणीतरी घाम गाळून कमावल्यासारखं वाटतं. आपला 'लागण' काय वाईट आहे? एचआयव्हीची लागण होते, उपचार नसले तर सीडी-फोर झिजत जातात आणि आकडा रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागं २०० च्या खाली गेला की त्याला एड्स म्हणतात. म्हणून इथं 'झीज' चपखल बसतो, कारण झीज भरून निघते, आणि एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांच्या, गोळ्या वेळेवर चालू झाल्या की बहुतेकांचा आकडा वर येतोच.

तुमच्या भाच्याचं तसं नाही. तिथं जनुकातच काहीतरी कमी असतं, म्हणून मी 'उणीव' म्हणेन. १९५२ साली ब्रुटन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांना एका मुलाच्या रक्तात गॅमाग्लोब्युलिनच, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडी ज्यात असतात ते प्रथिन, सापडेना, तेव्हा त्यांनी ते बाहेरून टोचायला सुरुवात केली, आणि एड्सचं नाव निघायला तेव्हा अजून ३० वर्षं होती. आजही अँटीबॉडी कमी असलेल्यांना तसंच बाहेरून द्यावं लागतं.

आता 'जन्मजात' का नको? आईकडून बाळाला एचआयव्ही आला तरी लोक जन्मजात म्हणतात, आणि ती असते लागणच. 'उपजत' बरा, फक्त 'उपजत प्रतिकारशक्ती' असं म्हणू नका, ती वेगळी चीज आहे आणि सगळ्यांनाच असते.

तेव्हा घरात सरळ सांगा, पोराला उपजत उणीव आहे, ती कुणाकडनं लागलेली नाही आणि त्याच्याकडनं कुणाला लागत नाही. आणि दूध तापवूनच द्या.