नवी, भरपूर ताकदीची गाडी घेतली आहे. ती सुरक्षित कशी चालवावी आणि तिची निगा कशी राखावी?

आपण लिहिले आहे की बरीच वर्षे १.२ लिटरची हॅचबॅक चालवल्यावर मागच्या महिन्यात आपण बीएमडब्ल्यू एम ३४० आय घेतली, घर नाशिकला आहे, दर आठवड्याला मुंबईला जावे लागते, आणि शोरूममध्ये पडद्यावरची सगळी बटणे समजावून सांगितली तरी गाडी चालवायची कशी हे कोणी सांगितले नाही. माझ्याकडे हीच गाडी २०२१ पासून आहे. त्या वर्षी ती चेन्नईच्या कारखान्यातून विक्रीला आली तेव्हा तिची ताकद ३८७ अश्वशक्ती होती. आपल्या नव्या आवृत्तीत ती ३७४ आहे, टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, तोच, ५०० न्यूटन मीटर, आणि शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग गाठायला लागणारा वेळही तोच, ४.४ सेकंद. आपल्या हॅचबॅकच्या साधारण चौपट ताकद आता आपल्या उजव्या पायाखाली आहे, आणि त्या पायाला अजून जुन्या गाडीचीच सवय आहे. म्हणून निगा राखण्याआधी चालवण्याबद्दल लिहितो.

या गाडीत सर्वांत मोठा धोका मला कोणता वाटतो, तर वेग जाणवत नाही हा. जुन्या गाडीत शंभरच्या पुढे इंजिनाचा आवाज वाढायचा, काचांशी वारा घोंगावायचा, स्टिअरिंग हलके लागायचे, आणि आपला पाय आपोआप सैल व्हायचा. इथे त्यातले काहीच होत नाही, १४० ला गाडी इतकी शांत असते की शेजारी बसलेल्या माणसाला ती ऐंशीने चालली आहे असे वाटते. त्यामुळे वेगाची जाण बाहेरून आणावी लागते. काचेवर दिसणारा वेगाचा आकडा कायम चालू ठेवा आणि वेगमर्यादेची सूचना आपल्या रस्त्याच्या मर्यादेवर लावून ठेवा. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या मोटारीत ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी सूचना सक्तीची आहे. ती बंद करून देणारे बरेच भेटतील. कृपया बंद करून घेऊ नका. माझा एक मित्र त्या आवाजाला कंटाळला होता, मी मात्र त्या आवाजामुळेच अनेकदा भानावर आलो आहे.

थांबण्याचे अंतर एकदा स्वतः मोजून पाहावे, म्हणजे ते डोक्यात बसते. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला आणि त्यानंतर चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लागला, तरी थांबेपर्यंत साठ मीटरांहून अधिक अंतर जाते. १६० ला हेच अंतर सव्वाशे मीटरांच्या वर जाते, कारण वेग दीडपटीहून थोडाच जास्त असला तरी ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा अडीच पट असते. चारही चाकांना ओढ देणारी एक्सड्राइव्ह प्रणाली गाडी पळवायला मदत करते, थांबवायला नाही. थांबवण्याचे काम टायरचे, आणि ते काम आपल्या जुन्या हॅचबॅकमध्येही चार टायरच करत होते.

दुसरी गोष्ट मला उशिरा समजली. रस्त्यावरची बाकीची माणसे आपल्या वेगाचा अंदाज नेहमीच्या गाड्यांवरून बांधतात. कडेच्या गावातून दुचाकीवर रस्ता ओलांडणारा शेतकरी लांबवरचे दिवे पाहून ‘अजून वेळ आहे’ असे ठरवतो. तो अंदाज त्याच्या अनुभवाप्रमाणे बरोबरच असतो, चूक आपल्या वेगाची असते. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना ही गाडी समोरच्या एसटीला दोन-तीन सेकंदांत मागे टाकते, हा तिचा खरा फायदा आहे, पण एसटीच्या पुढे काय आहे हे दिसत नसेल तर त्या दोन-तीन सेकंदांचा काही उपयोग नाही.

आता रनिंग इनविषयी, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवण्याच्या काळाविषयी. मॅन्युअलप्रमाणे पहिले २,००० किलोमीटर इंजिन ४,५०० आरपीएमच्या आणि गाडी ताशी १६० किलोमीटरच्या पुढे नेऊ नये आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये. (ती १६० ची मर्यादा यंत्रासाठी आहे, आपल्या रस्त्यांची मर्यादा तिच्या बरीच खाली आहे.) पहिले ३०० किलोमीटर नवे टायर पूर्ण पकड देत नाहीत, आणि ब्रेकचे पॅड व डिस्क एकमेकांना नीट बसायला सुमारे ५०० किलोमीटर लागतात. या काळात एकाच वेगाने तासन्‌तास चालवण्यापेक्षा वेग आणि गिअर बदलत राहिलेला बरा. आपण आठवड्याला नाशिक-मुंबई करता, म्हणजे हा काळ दीड महिन्यात संपेल. तेवढे थांबा. त्या काळात आपणही गाडीची लांबी-रुंदी, ब्रेकचा दाब, पाय किती दाबला की किती ओढ येते, हे शिकून घेता.

रनिंग इन संपल्यावरही इंजिनाचे तापमान सांभाळावे लागते. सकाळी गाडी सुरू केल्यावर उभ्या उभ्या गरम करत बसू नये. अर्ध्या मिनिटात निघावे, पण पहिली दहा-पंधरा मिनिटे हळू चालवावी. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) लवकर तापते, ऑइल मागून तापते, आणि पूर्ण ताकद मागण्याआधी ऑइल तापलेले हवे. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखापेक्षा जास्त वेळा फिरतो आणि त्याला वंगण याच ऑइलचे मिळते. त्याच कारणाने, जोरात चालवून आल्यावर घराच्या आधीचे शेवटचे दोन किलोमीटर शांतपणे यावे. आणखी एक सवय: स्वतः गिअर निवडत असाल तेव्हा वरच्या गिअरमध्ये, दीड हजार आरपीएमला अॅक्सिलरेटर एकदम दाबू नका, थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात अशा वेळी इंधन ठिणगीच्या आधीच पेटण्याचा संभव असतो. आधी गिअर खाली घ्यावा, मग ओढ मागावी.

या गाडीत ऑइलची पातळी पडद्यावर मोजावी लागते, आणि म्हणूनच बहुतेक जण ती कधी पाहत नाहीत. मी सुरुवातीला दर हजार किलोमीटरला पाहत होतो, अजूनही महिन्यातून एकदा पाहतो. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या मान्यतेचेच भरावे. मी वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, बदलून घेतो, गाडीने अजून मागितले नसले तरी. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किती ऑक्टेन हवे ते लिहिलेले असते. त्यापेक्षा कमी भरू नये, आणि बाटलीतली मिश्रणे मुळीच टाकू नयेत.

सर्वांत जास्त लक्ष मी टायरकडे देतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे भरावी. पाच जण आणि सामान असेल तेव्हाचा आकडा वेगळा असतो. एकदा प्रवासात पंक्चर काढून घेतले तेव्हा दुकानातल्या मुलाने मागच्या एका टायरमध्ये ४० पीएसआय हवा भरली आणि दुसऱ्यात ३१ राहिली. मी न पाहताच निघालो. पुढे हलक्या पावसात एका वर्तुळाकार चौकातून बाहेर पडताना मी नेहमीइतकाच पाय दाबला आणि गाडीचा मागचा भाग सरकला. स्थिरता नियंत्रणाने ती लगेच सावरली, पण माझ्या मागच्या सीटवर आई बसली होती. तेव्हापासून दोनशे रुपयांचा का होईना, स्वतःचा हवा मोजायचा गेज गाडीत असतो. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर ते अदलाबदल करता येत नाहीत, आणि एक्सड्राइव्हमध्ये एकच नवा टायर घालून बाकीचे झिजलेले ठेवले तर चाकांच्या घेरातल्या फरकाचा ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ओढ वाटणाऱ्या पेटीवर, येतो. कायद्याने खाचेची खोली १.६ मिलिमीटर चालते. पावसाळ्यासाठी मला तीनच्या खाली भीती वाटते. रुंद टायरखालून पाणी बाहेर ढकलायला खाच लागते, आणि ती नसेल तर ऐंशी-नव्वदलाच टायर पाण्यावर तरंगू शकतो. तसे झाले की ब्रेक मारू नये, स्टिअरिंग सरळ धरून पाय उचलावा. आपल्याकडे रन-फ्लॅट टायर असतील तर हवा गेल्यावर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येते, त्यापुढे नाही.

आपल्या मार्गाचा विचार करता, जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला झाल्यामुळे आपण कदाचित बोगद्यातूनच जात असाल. तिथे सपाट भागात मर्यादा १२० आहे, आणि सरळ काँक्रीटवर हवा कमी असलेला टायर सतत वाकत राहून तापतो, म्हणून त्या मार्गाला लागण्याआधी हवा पाहाच. जुन्या कसारा घाटाने उतरत असाल तर स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घेऊन इंजिनाने वेग धरावा. ब्रेकवर पाय ठेवून सबंध घाट उतरला तर डिस्क तापतात. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषते, ते दर दोन वर्षांनी बदलावे. घाटातून आल्याआल्या तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा फवारा मारू नये. आपल्याकडे ढाब्यावरची मुले कौतुकाने गाडी धुवायला येतात, त्यांना प्रेमाने अर्धा तास थांबवा.

पहिले सहा महिने ‘कम्फर्ट’ मोडमध्येच चालवा आणि डीएससीच्या (स्थिरता नियंत्रणाच्या) बटणाला हात लावू नका. ते थोडेसे दाबले तरी नियंत्रण सैल होते, बराच वेळ दाबून ठेवले तर बंद होते, आणि सार्वजनिक रस्त्यावर ते बंद करण्याचे एकही योग्य कारण मला आजवर सापडलेले नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नये, ओढून न्यावी. विम्यात इंजिन संरक्षणाचे कलम आहे का, हे पावसाळ्याआधी पाहून ठेवा.

गाडी खरोखर किती पळते हे पाहण्याची इच्छा होणारच, ती गैर नाही. त्यासाठी कोइंबतूरजवळचे कारी आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचे अशी शर्यतीची सर्किट आहेत, तिथे शिकवणारेही भेटतात. जाण्याआधी ब्रेक फ्लुइड नवे घाला, पॅड तपासा, आणि शर्यत किंवा वेगचाचणीत झालेले नुकसान नेहमीचा मोटार विमा भरून देत नाही, हे लक्षात ठेवून तिथला खर्च आधीच बाजूला काढा.