झालरींच्या शहरातून आलेलं पत्र

प्रश्न : ताई, मी मूळची सांगलीची. एका सत्रासाठी स्पेनमधल्या सेव्हियाला शिकायला आले आहे. ज्यांच्या घरात खोली घेऊन राहते त्या बाई साठीच्या आहेत. त्यांनी फ्लामेंको (इथला नाच) पोशाखांच्या, म्हणजे झालरींच्या ड्रेसच्या, फॅशन शोला, इथे ज्याला 'सिमोफ' म्हणतात त्याला, माझंही तिकीट काढलंय. जायची फार इच्छा आहे, पण घालू काय? वर्गातल्या मुली म्हणतात, फ्लामेंको ड्रेस भाड्याने आण. आई फोनवर म्हणते, आपली नऊवारी नेस, सगळे बघत राहतील. मला दोन्हींत आपण सोंग घेतल्यासारखं वाटेल. शिवाय मला ना नाच येतो, ना त्या कपड्यांतलं काही कळतं. अशा मुलीने तिथे जाऊन करायचं काय?
— एक वाचक, सध्या सेव्हिया

उत्तर : आधी हे सांगते की तू जा. दुसऱ्या दिवशी परीक्षा असली तरी जा. मी त्याच शहरात दोन वर्षं शिकले. आमचे वर्ग जुन्या तंबाखूच्या कारखान्यात भरायचे. आता विद्यापीठ असलेल्या त्याच दगडी इमारतीत एके काळी हजारो बायका विड्या-सिगार वळायच्या. मी राहायचे त्या इमारतीत तळमजल्यावर एक शिवणारीण होती. तिकडे तिला 'मोदिस्ता' म्हणतात. जानेवारी लागला की तिच्या खिडकीतला दिवा रात्री दोनपर्यंत जळायचा. त्या शोला मला तीच घेऊन गेली होती, म्हणून तुझं पत्र वाचताना मला तिचं दुकान, इस्त्रीची वाफ आणि जमिनीवर पडलेल्या ठिपक्यांच्या चिंध्या दिसल्या.

तू वापरलेला 'सोंग' हा शब्द तिच्यासमोर माझ्याही तोंडून निघाला होता. स्पॅनिशमध्ये वेषांतराच्या कपड्यांना 'दिस्फ्रास' म्हणतात. मी तिच्या शिवणाकडे बोट दाखवून तो शब्द वापरला. तिने कात्री खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, दिस्फ्रास कार्निव्हलला घालतात, हा 'त्राहे' आहे. त्राहे म्हणजे पोशाख. आपल्या आजीच्या पैठणीला कुणी नाटकाचे कपडे म्हटलं तर जसं लागेल, तसं तिला लागलं होतं. एवढा एक शब्द तू जपलास तरी तिथल्या बायका तुला आपली मानतील.

आता घालायचं काय. शो बघायला येणाऱ्या बहुतेक बायका तो ड्रेस घालून येत नाहीत. झालरींचा ड्रेस जत्रेसाठी, 'फेरिया'साठी राखलेला असतो. शोला लोक नेहमीच्या चांगल्या कपड्यांत येतात. फार तर कानात मोठी कर्णफुलं, खांद्यावर छोटी झिरमिळ्यांची शाल. त्यामुळे भाड्याचा ड्रेस नकोच. नऊवारीही या वेळी राहू दे. तिच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. सेव्हियातला हिवाळा बोचरा असतो, तुला लोकलने किंवा बसने शहराच्या पूर्व टोकाला फिबेसच्या प्रदर्शन सभागृहापर्यंत जायचंय आणि खुर्च्यांच्या अरुंद रांगांत बसायचंय. मी इरकलीच्या कापडाचा कुर्ता आणि वर लोकरी कोट घातला होता. शेजारच्या बाईने कुर्त्याचा काठ बोटांत धरून पाहिला आणि त्यावरून आमचं बोलणं सुरू झालं. तुझ्या घरमालकीणबाईंनी केसांत माळायला फूल दिलं तर मात्र नाही म्हणू नकोस.

कळत नाही म्हणतेस, तर काय बघायचं ते सांगते.

सिमोफ 1995 पासून भरतो, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. ही वेळ का, ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. फेरिया येते ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे नवा घेर, नवे रंग, बाहीची नवी तऱ्हा बघून शिंपिणीकडे माप द्यायला बायकांच्या हाती दोन-तीन महिने उरतात. त्यामुळे तुझ्या आजूबाजूच्या बायका वह्या आणि मोबाइल सरसावून बसलेल्या दिसतील. आई मुलीला कोपराने ढोसून म्हणेल, ही बाही, ही. आपल्याकडे लग्नसराईच्या तोंडावर साड्यांच्या दुकानात जी घाई असते तीच ही. प्रादेशिक पोशाख म्हटला की तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो अशी आपली समजूत असते. हा मात्र दरवर्षी बदलतो. साठ-सत्तरच्या दशकांत तो गुडघ्याच्या वर गेला होता, नंतर पुन्हा पायापर्यंत उतरला. कधी झालरी कमरेखालून सुरू होतात, कधी पार गुडघ्याजवळून. केसांतलं फूल डोक्याच्या मधोमध खोचायचं की कानाच्या बाजूला, यावर मी तिथल्या दोन सख्ख्या बहिणींना पाऊण तास वाद घालताना पाहिलंय.

या ड्रेसची कूळकथा गुरांच्या बाजाराची आहे. 1847 साली सेव्हियात हा बाजार भरू लागला आणि त्याचीच पुढे फेरिया झाली. तो भरवावा असा प्रस्ताव मांडणाऱ्या दोन नगरसेवकांपैकी एक बास्क आणि दुसरा कातालान, म्हणजे दोघंही बाहेरून येऊन तिथे स्थिरावलेले. बाजारात गुरांच्या व्यापाऱ्यांबरोबर त्यांच्या बायका येत, त्यांत खितानो म्हणजे स्पेनमधल्या रोमा बायका पुष्कळ. त्यांच्या अंगावर सुती, झालरी लावलेले, कामाला सोयीचे झगे असत. ते मोठ्या घरच्या बायकांना आवडले आणि त्यांनी ते उचलले. 1929 च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनाच्या सुमारास त्याला फेरियाचा पोशाख म्हणून पक्की मान्यता मिळाली. आजही तिथे 'खिताना'चा, म्हणजे खितानो बाईचा, पोशाख घातला असंच म्हणतात.

या रोमा लोकांचे पूर्वज वायव्य हिंदुस्थानातून निघून शतकं चालत पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोचले. तू भारतीय आहेस म्हटल्यावर कुणी ना कुणी तुला हे सांगेलच, आणि तुला छान वाटेल. वाटू दे. पण त्याबरोबर हेही माहीत असू दे, की 1749 च्या जुलैमध्ये त्याच राज्यात खितानो असल्याच्या एकाच कारणावरून बायका, पुरुष आणि मुलं हजारोंनी पकडून नेली होती. गेल्या शतकात त्रियाना मोहल्ल्यातल्या कित्येक खितानो कुटुंबांना नदीकाठची घरं सोडून शहराच्या दक्षिण टोकाला जावं लागलं. झगमगत्या व्यासपीठावर हे कुणी सांगत नाही. मला ते माहीत असणं आवश्यक वाटतं. ज्यांच्या अंगावरून तो झगा आला, त्यांना सोडून त्या झग्याचं कौतुक करणं मला जमत नाही.

शो एकामागून एक असे दिवसभर चालतात, प्रत्येक जेमतेम अर्ध्या तासाचा. दोन बघ आणि मधल्या वेळात सभागृहाबाहेरच्या स्टॉल्सवर जा. मला तर तिथेच जास्त शिकायला मिळालं. तिथे कंगवे, फुलं, कर्णफुलं, कापडाचे तागे आणि शाली असतात. शाल नीट बघ. तिला 'मान्तोन दे मानिला' म्हणतात, पण ती मूळची मनिलाची नाही. चीनमधल्या कँटनला रेशमावर भरतकाम व्हायचं, माल मनिलाला यायचा आणि तिथून गलबतांनी मेक्सिकोमार्गे स्पेनला पोचायचा. लांब झिरमिळ्या तिला स्पेनमध्ये जडल्या. सेव्हियाजवळच्या कांतियाना गावात बायका आजही त्या हाताने गाठी मारून विणतात. ती शाल पहिल्यांदा बघितली तेव्हा मी स्टॉलसमोर उभी राहून रडले. मोठाली पेओनीची फुलं, पक्षी, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा टाका, हे सगळं मी लहानपणी दादरला आमच्या शेजारच्या पारशी मावशींच्या गारा साडीवर पाहिलं होतं. ती साडीही कँटनहूनच आलेली, मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या जहाजातून. एकाच गावच्या भरतकामाची एक लेक मुंबईला दिली, दुसरी सेव्हियाला. तुझ्या आईला फोन करशील तेव्हा तिला हे नक्की सांग.

नाच येत नाही याचं दुःख करू नकोस. फेरियात नाचतात ते 'सेव्हियानास', चार भागांचा जोडीचा नाच, आणि शहरात तो शिकवणारे वर्ग जागोजागी आहेत. एप्रिलपर्यंत पहिले दोन भाग पायांत बसतील. मग घरमालकीणबाई त्यांच्या मंडपात, 'कासेता'त बोलावतील आणि कपाटातला जुना ड्रेस पुढे करतील, तेव्हा तो निःसंकोच घाल. बहुतेक कासेता खासगी असतात, आमंत्रणाशिवाय आत जाता येत नाही. त्यामुळे कुणी आपणहून बोलावून आपला ड्रेस अंगावर चढवला, तर त्यात सोंग कसलं? आणि फेरियातल्याच एखाद्या दुपारी नऊवारी नेस. तिथल्या बायका काष्टा कसा घातला हे विचारून तुला बेजार करतील आणि तू त्यांना तो शिकवशील.

प्रश्न : मी इचलकरंजीची, बावीस वर्षं लेडीज टेलरिंग करते. एका गिऱ्हाइकाने मुलीच्या नाचाच्या कार्यक्रमासाठी स्पॅनिश झालरीच्या घागऱ्याचा फोटो आणला. मी चुण्या घालून झालर लावली, पण ती फोटोसारखी उभी राहत नाही, लोंबते. काय चुकतं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमचं शिवण चुकलेलं नाही. तिथे झालर दोन तऱ्हांनी कापतात. एक तुमच्यासारखी सरळ पट्टी, दीडपट-दुप्पट लांबीची, चुण्या घालून. दुसरी गोल कापलेली. कापडातून मोठं वर्तुळ कापायचं, मधोमध लहान वर्तुळ काढून टाकायचं, एका जागी कात्री देऊन ते उघडायचं. आतली कड घागऱ्याला शिवायची, बाहेरची आपोआप लाटा घेते, एकही चुणी लागत नाही. अशी वर्तुळं जोडत जावं लागतं, म्हणून कापड फार जातं. माझ्या मोदिस्ताला एका ड्रेसला आठ-दहा मीटर सहज लागायचं, म्हणजे तुमची एक अख्खी नऊवारीच.

उभं राहण्याची युक्ती कडेला असते. कड बारीक दुमडताना मोदिस्ता आत नायलॉनचा धागा घालायची. मासे धरायच्या गळाला असतो तसा, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळेल. त्याने कड ताठ होऊन फुलते. कुणी तिथे लेस किंवा उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावतात, तिनेही वजन येतं. आतून पेटीकोटलाही झालरी हव्यात, नाहीतर वरच्या झालरी पायांना चिकटतात. कापड कडक सुती किंवा पॉपलिन घ्या, क्रेप पहिल्याच वेळी नको. आणि गोल झालर लावली की खालची कड लगेच दुमडू नका. कापड तिरक्या धाग्यावर खाली ओढतं, जागोजागी कमी-जास्त लोंबतं. घागरा एक रात्र हँगरला टांगून ठेवा, सकाळी जमिनीपासून माप घेऊन कड सारखी कापा आणि मगच धागा घाला.