आहार-सल्ला: हरणाचं मांस मटणासारखं शिजवावं का?

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकचे, आता इनव्हर्नेसला राहतो. यजमानांचं कोलेस्टेरॉल वाढलंय आणि डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलंय. इथल्या खाटकाने हरणाचं मांस सुचवलं, ‘यात चरबी नसतेच’ म्हणाला. मी नेहमीसारखा कुकर लावून रस्सा केला, तर तुकडे चिवट आणि कोरडे झाले. मटणाऐवजी रोज हेच खाल्लं तर चालेल का? शिवाय सासूबाई आल्या आहेत. त्यांना हरीण खाणं हे पापच वाटतं.
– एक वाचक, इनव्हर्नेस, स्कॉटलंड

उत्तर: खाटकाचं म्हणणं बरंचसं खरं आहे. १०० ग्रॅम कच्च्या हरणाच्या मांसात साधारण २३ ग्रॅम प्रथिनं असतात आणि चरबी जेमतेम २ ते ३ ग्रॅम. मटणात तुकडा कुठला आहे त्यावर चरबी ठरते, पण ती याच्या कितीतरी पट असते. लोह ३ मिलिग्रॅमच्या वर मिळतं, तेही शरीर सहज शोषून घेतं अशा रूपातलं. बी-१२ भरपूर. यजमानांनी मटणाच्या जागी हे खाल्लं तर त्यांच्या पोटात जाणारी संपृक्त चरबी नक्की कमी होईल.

पण ‘रोज’ या शब्दाला माझा विरोध आहे. चरबी कमी असली तरी हे लाल मांसच. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला असा, की दिवसाला ९० ग्रॅमपेक्षा जास्त शिजवलेलं लाल किंवा प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांनी ते ७० ग्रॅमवर आणावं. कारण आतड्याच्या कर्करोगाचा धोका, आणि त्यात हरणाला सूट नाही. शिजवलेलं ७० ग्रॅम म्हणजे कच्चं साधारण १०० ग्रॅम. तुमच्या घरी आठवड्यातून दोनदा करा, माणशी सव्वाशे ग्रॅम कच्चं धरा. उरलेल्या दिवशी मॅकरेल आणा. आपल्या बांगड्याचाच हा भाऊबंद, आणि कोलेस्टेरॉलसाठी फारच चांगला. डाळी-उसळी तर आहेतच. यजमानांना युरिक अ‍ॅसिडचाही त्रास असेल, पायाचा अंगठा सुजत असेल, तर मात्र हे मांस डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. शिकारीच्या मांसात प्युरिन जास्त असतं, शरीरात त्याचंच युरिक अ‍ॅसिड होतं आणि त्याने तो त्रास बळावतो.

आता रस्सा का बिघडला ते सांगते, कारण मला येणाऱ्या पत्रांत हीच तक्रार सर्वांत जास्त असते. मटणाला त्याची स्वतःची चरबी सांभाळून घेते. दोन शिट्ट्या जास्त झाल्या तरी तुकडा मऊ राहतो. हरणाच्या मांसात ती सोयच नाही. तुम्ही बहुधा मागच्या मांडीचा किंवा पाठीचा तुकडा आणला असणार. तो दुकानात दिसायला सुंदर असतो आणि रश्श्यात घातला की फुकट जातो. या भागात जोडऊती, म्हणजे मांसाला धरून ठेवणारे चिवट धागे, कमी असल्यामुळे जास्त शिजवलं की विरघळण्यासारखं काही उरत नाही. नुसतं पाणी निघून जातं आणि मागे चोथा राहतो.

रश्श्यासाठी खाटकाकडे खांदा किंवा नळीचा भाग मागा. तो स्वस्तही मिळतो. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे त्यावरची पांढरी चकचकीत पडदी सुरीने सोलून काढा आणि चरबीचा जो काही पांढरा थर दिसेल तो सगळा काढून टाका. मटणाची चरबी आपण चवीसाठी ठेवतो, हिची ठेवू नका. ती लवकर थिजते, टाळूला मेणासारखी चिकटते आणि उग्र वास बहुतेक तिचाच असतो. मग तुकड्यांना आलं-लसूण, हळद, मीठ आणि दोन चमचे दही लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. जाड बुडाच्या भांड्यात दोन चमचे तेलावर कांदा लाल करा, तुकडे घालून परता, गरम पाणी ओता, झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर दोन-अडीच तास विसरून जा. कुकरच हवा असेल तर एका शिट्टीनंतर गॅस बारीक करून पंचवीस मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. खांद्यातली जोडऊती अशा वेळी विरघळते आणि रस्सा दाट होतो.

वाटणात नाशिककडचा काळा मसाला याला फार छान लागतो, हे मी खात्रीने सांगते. सुकं खोबरं मात्र निम्मं करा आणि उरलेला दाटपणा भाजलेल्या कांद्याने आणा. मांसातली चरबी टाळायची आणि खोबऱ्याने व वरच्या तर्रीने ती परत भरायची, तर यजमानांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये काही फरक दिसायचा नाही. ताटात मांसाचा वाटा चौथाईच ठेवा. दुसरी चौथाई ज्वारीची भाकरी किंवा हातसडीचा भात, आणि अर्ध्या ताटात भाजी व कोशिंबीर. इथे हिवाळाभर केल मिळतो. लसणाची फोडणी देऊन तो आपल्या पालेभाजीसारखा परतला की भाकरीबरोबर उत्तम लागतो.

पाठीचा तुकडा आणलाच तर तो तव्यावर करा. बोटभर जाडीचा तुकडा आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा, कोरडा पुसा, तेलाचा हात लावा. बिडाचा तवा कडकडीत तापवून प्रत्येक बाजूला दोन-दोन मिनिटं द्या आणि मग पाच मिनिटं तसाच ठेवून कापा. आत गुलाबी राहील. गुलाबी मांस आपल्याकडे अनेकांना नको वाटतं, मलाही सवय व्हायला वेळ लागला. ते रुचत नसेल तर हा भाग विकतच घेऊ नका. पूर्ण शिजवून तो कधीच चांगला होत नाही. खिमा मात्र कधीही गुलाबी ठेवायचा नाही, तो पूर्ण शिजायलाच हवा. हरणाचा खिमा-मटार लहान मुलं आवडीने खातात.

सासूबाईंबद्दल. चरकसंहितेत पथ्यकर अन्नाची यादी आहे. तिथे मृगमांसात एणाचं, म्हणजे काळविटासारख्या हरणाचं मांस श्रेष्ठ सांगितलंय. पण हे वाक्य त्यांच्यापुढे ठेवून वाद जिंकायला जाऊ नका. एखादीला नको वाटलं तर नको, त्यांच्यासाठी त्या दिवशी वेगळी उसळ करा. त्यांना समजून घ्यायचं असेल तर एकदा ग्लेन फेशीच्या डोंगरखोऱ्यात फिरायला न्या. स्कॉटलंडमध्ये लांडगे शेकडो वर्षांपूर्वी संपले. हरणांना खाणारं कोणी उरलं नाही आणि आज इथे दहा लाखांच्या आसपास हरणं आहेत असा सरकारी अंदाज आहे. पाइन, बर्च, रोवन यांचं कोवळं रोप वर आलं की खाल्लं जातं आणि डोंगरच्या डोंगर बोडके राहतात. ग्लेन फेशीत हरणांची संख्या शिकारीने खाली आणली, तेव्हा जुन्या पाइनच्या रानात कुंपणाशिवाय नवी रोपं उभी राहिली. ती हिरवी पोरं पाहून मला फार आनंद होतो. ज्या जनावराला मारावंच लागतं त्याचं मांस वाया न जाता ताटात यावं, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: आमच्या भागात कधीकधी चोरून भेकराचं, म्हणजे छोट्या रानटी हरणाचं, मटण येतं. ते औषधी असतं आणि रक्त वाढवतं म्हणतात. मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे. आणावं का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: अजिबात नाही. भेकर, चितळ, सांबर, काळवीट, सगळ्यांची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ते मांस विकत घेणं, घरात ठेवणं हाही गुन्हाच. तुरुंगवास होऊ शकतो. वर स्कॉटलंडबद्दल जे लिहिलं ते आपल्याकडे लागू होत नाही. आपल्या रानात बिबट्या आहे, रानकुत्री आहेत, आणि भेकर हे त्यांचं अन्न आहे. शिवाय चोरट्या मांसाची कसलीच तपासणी झालेली नसते.

मुलीच्या रक्तासाठी तुमच्या बाजारात याहून चांगलं मिळतं. तिसऱ्या (शिंपले) आणा, त्यात लोह भरपूर असतं. आठवड्यातून एकदा बोकडाची कलेजी द्या. हळिवाची खीर किंवा लाडू करा. डाळी-पालेभाज्यांवर लिंबू पिळा, आणि जेवणानंतर तासभर चहा देऊ नका, कारण चहा लोह शोषू देत नाही. आणि तिचं हिमोग्लोबिन का कमी आहे, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. पाळीत रक्त जास्त जात असेल किंवा जंत असतील तर नुसत्या खाण्याने भागणार नाही.

प्रश्न: मला पाचवा महिना आहे. शेजारी शिकारीला जातात, त्यांनी प्रेमाने हरणाचं मांस दिलंय. खाऊ का?
– एक वाचक, डंडी, स्कॉटलंड

उत्तर: आधी शेजाऱ्यांना विचारा, गोळी शिशाची होती का? शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूरवर पसरतात. धुऊन किंवा शिजवून ते जात नाहीत. पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला शिसं घातक असतं, म्हणूनच गरोदर स्त्रिया, गर्भधारणेचा विचार करणाऱ्या बायका आणि लहान मुलांनी असं मांस टाळावं, असा इथल्या अन्नसुरक्षा खात्याचा सल्ला आहे. गोळी तांब्याची होती असं त्यांनी खात्रीने सांगितलं तर खायला हरकत नाही. नाहीतर मोकळेपणाने कारण सांगून परत द्या, तेही शिकारी आहेत, समजून घेतील.

खावंसं वाटतच असेल तर शेतावर पाळलेल्या हरणाचं घ्या आणि दुकानदाराला शिशाबद्दल हाच प्रश्न विचारा. तुकडा असो वा खिमा, आत जरासाही गुलाबी राहता कामा नये, कारण अर्धकच्च्या मांसातून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण होऊ शकते. म्हणजे तुमच्यासाठी खांद्याचा रस्साच बरा. कलेजी मात्र कुठल्याच जनावराची खाऊ नका, तिच्यातलं जीवनसत्त्व अ गर्भाला जास्त होतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या हे मांस खाल्लं म्हणून बंद करायच्या नाहीत.